चाराण्याचा शर्ट

आमच्या आक्काकडे फुटबॉलचा एक शर्ट आहे. मरून रंगाचा, पाठीवर पांढऱ्यात २५. धुऊन धुऊन पाचाची शेपटी निघून गेली आहे. आक्का त्याला ‘चाराण्याचा शर्ट’ म्हणते. पंचवीस म्हणजे चार आणे, हे बाबांनी तिला शिकवलेलं एकुलतं एक गणित, आणि ते ती आजवर विसरलेली नाही. शर्ट मी २०१२ च्या मे महिन्यात धोबी तलावच्या एका दुकानातून घेतला. ज्याच्या आठवणीसाठी घेतला तो इटलीचा फुटबॉलपटू, पिएरमारिओ मोरोसिनी. आज चौदा एप्रिल, त्याचा स्मृतिदिन. गेली कितीतरी वर्षं त्याच्यावर लिहायचं म्हणतोय आणि राहून जातंय. आज लिहायला बसलोच.

आक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. जन्माच्या वेळी श्वास अडकला आणि मेंदूला इजा झाली. सरकारी सर्टिफिकेटवर ‘बौद्धिक अक्षमता’ आणि पुढे टक्के लिहिलेत. नायगावच्या बीडीडी चाळीत मात्र तिच्यासाठी एकच शब्द होता, ‘भोळी’. आक्का भोळी आहे, तिला रस्ता ओलांडून दे. आक्का भोळी आहे, तिला आधी पाणी भरू दे. एकशे साठ फुटांच्या खोलीत आम्ही चौघं. बाबा गिरणीत होते, संपानंतर वॉचमन झाले. पगाराच्या दिवशी ते आक्काच्या हातावर चार आण्याचं नाणं ठेवायचे. ती ते बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकायची आणि डबा कानाशी धरून हलवायची. आवाज मनासारखा झाला की हसायची.

फुटबॉल मला बाबांकडूनच आला. रोव्हर्स कपाला कूपरेजवर ते मला खांद्यावर बसवून न्यायचे. पुढे मी चाळीच्या मंडळाकडून आणि नंतर एका ऑफिसच्या टीमकडून लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे, खेळलो. रविवारी मॅचवरून आलो की आक्का माझे स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, घ्यायची, काडीने त्यातली माती काढायची आणि पॅसेजमध्ये दाराबाहेर अगदी जोडीने लावून ठेवायची. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. ते काम तिने कुणालाच करू दिलं नाही.

मोरोसिनीचं नाव मला त्याच्या मरणाआधीच ठाऊक होतं, आणि ते अँतोनिओ दि नातालेमुळे. आमच्या ग्रुपमध्ये सगळे मिलान नाहीतर युव्हेंटसवाले. मी एकटा इटलीतल्याच उदिनेसे क्लबचा, कारण तिथे गोल करणारा दि नाताले. २००९–१० च्या सिझनला त्याने लीगमध्ये २९ गोल केले, पुढच्या वर्षी २८, आणि युव्हेंटसने बोलावूनही हा माणूस उदिने सोडून गेला नाही. त्याच्यामुळे मी उदिनेसेची सगळी यादी पाहायचो, बाहेर लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडे खेळायला दिलेली पोरंसुद्धा. त्या यादीत वर्षानुवर्षं हे नाव असायचं. मोरोसिनी, हाफ. कधी या गावाला दिलेला, कधी त्या गावाला.

तो ५ जुलै १९८६ ला बेर्गामोत जन्मला. आल्प्सच्या पायथ्याचं हे शहर, आणि त्याचा जिल्हा एके काळी कापडगिरण्यांचा. क्रेस्पी द’अद्दा नावाची गिरणी कामगारांची अख्खी वसाहत तिथे आजही उभी आहे, १९९५ पासून जागतिक वारसा म्हणून जपलेली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या परळ-लालबागच्या चिमण्या आठवल्या. (आपल्याकडे त्या जागी टॉवर आले.) मोंतेरोस्सो या वस्तीतला हा पोरगा बेर्गामोच्याच अटलांटा क्लबच्या ज्युनिअर टीममध्ये घडला. अटलांटाची ज्युनिअर शाळा इटलीतल्या सगळ्यात चांगल्यांपैकी एक. तिथून २००५ मध्ये उदिनेसेने त्याला घेतलं आणि मग सुरू झाली फिरती: बोलोन्या, विचेन्झा, रेज्जिना, पादोव्हा, परत विचेन्झा. जानेवारी २०१२ मध्ये लोनवर लिव्होर्नो.

हा स्टार नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. मेलेल्या खेळाडूला लोक लगेच फार मोठा करून टाकतात. मोरोसिनी हा बॉल अडवून शेजारच्याला साधा पास देणारा मधल्या फळीतला कामकरी होता. पण कामात खोट नव्हती. इटलीच्या एकवीस वर्षांखालच्या संघात तो नियमित होता आणि २००९ मध्ये स्वीडनला झालेल्या युरोपियन स्पर्धेतही होता. तिथे सेमीफायनलला जर्मनीने त्यांना १–० ने हरवलं. समोरच्या त्या संघात नॉयर, हुमेल्स, खेदिरा, ओझिल होते. पाच वर्षांनी हेच चौघं विश्वचषक घेऊन उभे होते आणि मोरोसिनीला जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्याच्या घरचं मला त्याच्या मरणानंतर कळलं. पंधराव्या वर्षी आई गेली. दोन वर्षांनी वडील गेले. मग भावाने स्वतःचा जीव घेतला. उरले दोघं, तो आणि त्याची मोठी बहीण. बहीण अपंग, दुसऱ्याच्या आधाराशिवाय न जगू शकणारी. म्हणजे पंचविशीचा हा मुलगा ज्या ज्या गावाला लोनवर जात होता, तिथे बॅगेसोबत ही जबाबदारीही घेऊन जात होता.

१४ एप्रिल २०१२, शनिवार. बाबासाहेबांची जयंती. आमच्या नायगावात त्या दिवशी घरात कोण बसतं? मैदानात मंडप, कमानी, खिडक्याखिडक्यांवर निळे झेंडे, दुपारपासून ढोल-ताशा. आक्काला मिरवणूक जिवापाड आवडते. बाजाचा पहिला ठोका पडला की ती खिडकीचे गज धरून उभी राहते ते शेवटची गाडी जाईपर्यंत. त्या संध्याकाळी कुणीतरी खालून तिच्या कपाळाला निळा गुलाल लावून पाठवलं होतं आणि ती आरशात बघून बघून हसत होती.

पुढे मी हिशेब केला. लिव्होर्नोची पेस्काराला मॅच तिथल्या दुपारी तीनला, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला सुरू झाली. एकतिसावं मिनिट म्हणजे आपले सात वाजलेले. आक्का आरशासमोर होती, तेव्हा तो पडला.

पेस्कारा–लिव्होर्नो, दुसऱ्या डिव्हिजनची मॅच. कोच झेमान यांचा तो पेस्कारा संघ त्या वर्षी गाजत होता. व्हेराती, इन्सिन्ये, इम्मोबिले ही आज जगाला माहीत असलेली पोरं तेव्हा तिथे एकत्र खेळत होती. तरीही लिव्होर्नो २–० ने पुढे होतं. मोरोसिनीच्या जवळ कुणी नव्हतं, कुणी टॅकल केलं नव्हतं. चालता चालता तो अडखळला आणि गुडघ्यांवर आला.

मी तो व्हिडिओ एकदाच पाहिला आणि पुन्हा पाहणार नाही. पण एक गोष्ट डोळ्यांपुढून हलत नाही. तो उठायला बघतो. हातांवर जोर देऊन उठतो, पाय सावरत नाहीत, पुन्हा पडतो, पुन्हा उठायला बघतो. हाफ खेळलेल्या कुणालाही ते कळेल. बॉल अजून खेळात असतो, मागे तुमची जागा मोकळी पडलेली असते, आणि पडलात तर आधी उठायचं हे अंगातच भिनलेलं असतं. दुखतंय का, काय झालंय, हा विचार नंतरचा. त्याचं हृदय बंद पडत होतं आणि तो आपली जागा धरायला उठत होता.

मग सगळे धावले. डॉक्टर आले, छाती दाबायला सुरुवात झाली. ॲम्ब्युलन्स आत येणार तर गेटच्या तोंडावर पोलिसांचीच गाडी आडवी उभी केलेली. ती हटवण्यात मोलाची मिनिटं गेली. हॉस्पिटलमध्ये बराच वेळ प्रयत्न झाले, पण तो परतला नाही. वय पंचवीस, पाठीवरचा नंबरही पंचवीस. त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या मॅच इटलीने रद्द केल्या. लिव्होर्नोने तो नंबर कायमचा बंद केला.

कारण निघालं ते हृदयाच्या स्नायूचा जन्मजात, रक्तातून येणारा आजार. यात हृदयाचा स्नायू हळूहळू झिजतो आणि त्या जागी चरबी आणि चिवट पेशी भरतात. विजेचा जो संदेश ठोका पाडतो तो या भागात अडखळतो आणि जोराच्या मेहनतीत ठोके अचानक बेताल होतात. धावणं हेच ज्याचं काम, त्याला हा आजार कामावरच गाठतो. तपासणी होत नसेल म्हणावं तर इटलीत ती १९८२ पासून कायद्याने सक्तीची आहे, ईसीजीसकट. तिचा उपयोगही होतो. व्हेनेतो प्रांतात खेळाडूंचे असे अचानक मृत्यू या तपासणीनंतरच्या वर्षांत ८९ टक्क्यांनी घटले, असं पादुआच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये मांडलं. तरी काही जण त्या जाळ्यातूनही निसटतात. आमच्या वेळी लीगच्या फॉर्मवर ‘मेडिकल फिटनेस’चा रकाना असायचा. एका दवाखान्यात रांगेने पंधरा फॉर्म ठेवले की पंधरा सह्या मिळायच्या, स्टेथोस्कोप कुणाच्या छातीला लागायचा नाही. तेव्हा आम्हाला ते सोयीचं वाटायचं. आज आठवलं की पोटात गोळा येतो.

पेस्काराच्या मैदानात झटका देऊन हृदय पुन्हा सुरू करणारं यंत्र, डिफिब्रिलेटर, होतं. ते वापरलं गेलं नाही. त्यावरून पुढे वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. असं हृदय बंद पडलं की झटक्याविना जाणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. २०१३ मध्ये इटलीने हौशी क्लबांनासुद्धा हे यंत्र आणि ते चालवणारा माणूस ठेवणं बंधनकारक करण्याचा निर्णय काढला. त्यामागे मोरोसिनी होता, असं मी मानतो.

तो वसंतच वाईट होता. १७ मार्चला लंडनमध्ये बोल्टनचा फॅब्रिस मुआम्बा भर मॅचमध्ये कोसळला. प्रेक्षकांत बसलेला एक हृदयरोगतज्ज्ञ मैदानात धावला आणि ७८ मिनिटं बंद पडलेलं हृदय घेऊन मुआम्बा परत आला. चारच दिवसांनी, २१ मार्चला, आपल्या बेंगळुरूमध्ये बंगलोर मार्सचा डी. वेंकटेश लीगच्या मॅचमध्ये पडला. मैदानावर ॲम्ब्युलन्स नव्हती. त्याला रिक्षात घालून नेलं. तो वाचला नाही. मुआम्बाबद्दल जगभर छापून आलं. वेंकटेशचं नाव आज फुटबॉलवाल्यांनाही सांगावं लागतं. रिक्षातला तो प्रवास कसा असतो हे मला माहीत आहे. आमचाच एक स्टॉपर एकदा मे महिन्याच्या उन्हात खेळताना बेशुद्ध झाला होता. टॅक्सीच्या मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर, ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता, आणि मी वेड्यासारखा त्याच्या तोंडावर पाणी मारत होतो, कारण दुसरं काही येतच नव्हतं. तो उष्माघात होता म्हणून पोरगा वाचला.

त्या रात्री मिरवणूक संपल्यावर मी बातमी वाचली. बहिणीबद्दलचं दुसऱ्या दिवशी. चहाचा कप हातात होता आणि समोर आक्का रविवारची सवय म्हणून माझे स्टड पुसत होती, मॅच नसतानाही. आई २००७ मध्ये गेली होती, बाबा २०१० मध्ये. मी बत्तीस वर्षांचा, धट्टाकट्टा, आणि तोपर्यंत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की मी पडलो तर हिचं काय. सगळे आईला विचारायचे, तुमच्यानंतर हिचं कसं? आई म्हणायची, भाऊ आहे ना. भाऊ आहे, एवढ्यावर आमचं सगळं उभं होतं. मोरोसिनीच्या बहिणीलाही भाऊ होता. पंचवीस वर्षांचा, खेळाडू, दर वर्षी डॉक्टरांनी तपासून पास केलेला.

मग दि नाताले पुढे आला. मोरोसिनीच्या बहिणीला एकटं पडू द्यायचं नाही, असं उदिनेसेच्या कॅप्टनने उघडपणे सांगितलं आणि क्लबने आपल्या मदतसंस्थेमार्फत तिच्या सांभाळासाठी पैसा उभा करायचं हाती घेतलं. ज्याला क्लबने वर्षानुवर्षं बाहेरच ठेवलं, त्याच्या बहिणीसाठी. मी दि नातालेचा चाहता गोलांमुळे झालो होतो. त्या दिवसापासून कारण बदललं.

दरवर्षी या दिवसांत व्हॉट्सॲपवर एक पोस्ट फिरते. फोटो, खाली रडणारे चेहरे, आणि ‘एका मित्राने बहिणीला दत्तक घेतलं’ अशी चार ओळींत संपणारी गोष्ट. ती वाचून मला बरं वाटत नाही. सांभाळ चार ओळींत संपत नाही. सांभाळ म्हणजे रोज सकाळी केस विंचरणं, औषधाची गोळी गिळली की गालात ठेवली ते बघणं, पाळी, दाढदुखी, बँकेतली सही. त्याला पैसा लागतो, माणसं लागतात, कागद लागतात, आणि हे सगळं तीस-चाळीस वर्षं लागतं. दि नातालेने मन मोठं केलं हे खरंच. पण त्याच्यामागे क्लब उभा राहिला, ही मला अधिक मोठी गोष्ट वाटते.

मला कुठला क्लब होता? मी कागदांपासून सुरुवात केली. तेव्हा कळलं की मूल अठराचं झालं की आईबापसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. म्हणजे इतकी वर्षं आक्काच्या नावाने मी जिथे जिथे सही केली होती, तिचा मला हक्कच नव्हता. फोर्टला जुन्या कस्टम हाउसमध्ये जिल्हाधिकारी कार्यालय आहे, तिथे खेटे सुरू केले. रेशनकार्ड, दोघांच्या मृत्यूचे दाखले, आक्काचे फोटो. फोटोच्या वेळी ती इतकी हसत होती की फोटोवाल्याने चार वेळा काढला. समितीपुढे आक्काला विचारलं, हा कोण? ती म्हणाली, ‘बाळ्या.’ आणि मग स्वतःहून, ‘बॉल खेळतो.’

पालक झाल्यावर सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते. मी लिहीत बसलो: पोस्टाचं पासबुक, आईची बोरमाळ. आक्का शेजारी येऊन बसली आणि बोर्नव्हिटाचा डबा माझ्या कागदावर ठेवला. चार आण्याची नाणी ३० जून २०११ पासून सरकारने बंद केली होती. मी म्हटलं, आक्का, हे आता चालत नाहीत. तिने डबा उचलला, हलवला, माझ्या कानाशी धरला. मी लिहिलं: जुनी नाणी, एक डबा.

धोबी तलावला लिव्होर्नोचा शर्ट कुठून असणार. साधा मरून घेतला आणि मागे २५ छापून घेतला. घ्यायचा होता मला. घरी आणला तर आक्काने आकडा वाचला, ‘चाराणे’ म्हणाली आणि अंगात घातला. तो विषय तिथेच संपला.

आता मी खेळत नाही, रविवारी सकाळी वस्तीतल्या पोरांना शिकवतो. पहिल्या दिवशी बॉल देण्याआधी त्यांना छाती दाबायला शिकवतो. छातीच्या मधोमध, दोन्ही तळवे एकावर एक, पाच सेंटिमीटर खाली, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, तीसनंतर दोन श्वास. मीही ते एका वर्गात जाऊन, रबरी पुतळ्यावर घाम गाळून शिकलो. पोरं आधी हसतात. मग मी त्यांना मोरोसिनी सांगतो, वेंकटेश सांगतो.

माझ्यानंतरचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मुलगी आता कॉलेजला आहे. ती म्हणते, आत्या माझी. पण आईने माझ्यावर टाकलं तसं न विचारता तिच्यावर टाकायचं नाही, असं बायकोने आणि मी ठरवलंय. म्हणून आम्ही बदलापूर, पनवेल भागातल्या तीन-चार निवासी संस्था पाहून आलो, आक्काला बरोबर घेऊन. एका ठिकाणी स्वयंपाकघरात पाचसहा बायका मटार सोलत बसल्या होत्या. आक्का कुणी न सांगता त्यांच्यात जाऊन बसली आणि तासभर उठली नाही. निघताना तिने माझा हात धरला, पण वळून एकदा त्या टोपलीकडे पाहिलं. तिथे आम्ही पुन्हा जाणार आहोत, या वेळी दोन दिवस राहायला.

चाळ पुनर्विकासात रिकामी केली. आता जवळच भाड्याच्या घरात आहोत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकी रस्त्यावरच आहे, हे बघूनच जागा घेतली. बाहेर ताशा सुरू झालाय. आक्का चाराण्याचा शर्ट घालून गज धरून उभी आहे, कपाळाला निळा गुलाल. घड्याळात सात वाजायला आलेत. तिने आत्ताच मागे वळून मला हाक मारली, ‘बाळ्या, ये, गाडी आली.’ उठतो.